कागदावरचं किलब्रिडी नेमकं कुठलं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र श्रीरामपूरहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई शिक्षिका आहेत. त्यांच्या आजीचे पणजोबा आयरिश होते. गोऱ्या पलटणीतले शिपाई, 1869 साली नाव कमी करून घेतलं, इगतपुरीला रेल्वेत लागले, इथंच लग्न केलं आणि इथलेच झाले. त्यांचा पलटणीतून सुटल्याचा कागद आजीच्या ट्रंकेत सापडला. त्यावर जन्मस्थळ लिहिलंय: पॅरिश (तिकडचा एक टापू) 'किलब्रिडी', जवळचं शहर घडीवर फाटलेलं (शेवटची 'सी-के' ही दोनच अक्षरं उरलीत), काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) पुसट, पण पहिलं अक्षर 'एल'सारखं. पलटणीचा आकडा 103 आणि धंदा 'लेबरर', हे दोन्ही स्पष्ट.

ताईंचे दादा लंडनला असतात. त्यांनी शोधाशोध करून मीथ काउंटीतलं, डब्लिनला लागून असलेलं किलब्राइड पक्कं केलं. जूनमध्ये आईला घेऊन तिथं जायचं, पूर्वजांच्या नावानं चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) अर्पण करायची, सगळं ठरलं. ताईंना हे गाव पटत नाही. कागदावरच्या स्पेलिंगचं गाव मात्र त्यांना नकाशावर कुठंच सापडत नाही. दादा म्हणतात, "आईचं वय पंचाहत्तर. तिला समाधान मिळाल्याशी मतलब. हे किलब्राइड काय नि ते काय!" ताई विचारतात, "मी उगाच कीस पाडतेय का? आणि पाडायचाच असेल, तर सुरुवात कुठून करू?"

ताई,

तुम्ही कीस पाडत नाही आहात. एक माणूस एका ठिकाणी जन्मला, तिथून निघाला तो सातासमुद्रापार तुमच्या घरातला झाला. त्याचं ठिकाण कागदाच्या एका ओळीत जेमतेम उरलंय. त्या ओळीशी प्रामाणिक राहायचं, एवढंच तुम्ही म्हणताय. मिस्सा कुठल्याही देवळात झाली तरी ती मिस्साच, त्यात मला काही वावगं दिसत नाही. पण आईंना "हीच ती माती" असं सांगायचं असेल, तर ते खरं असायला हवं. त्या घरी येऊन नातवंडांना हेच सांगतील, आणि पुढं कुणी तपासणार नाही.

तरीही तुम्ही आणि दादा, दोघांनीही काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत. त्या आधी तपासून बघू.

दादांचा पहिला आधार पलटणीचा दिसतो. 103 नंबर शोधला की 'रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स' हे नाव पुढं येतं, म्हणजे माणूस डब्लिनच्या आसपासचा असणार, असा त्यांचा हिशेब असावा. तो इथं लागू पडत नाही. डब्लिन हे नाव त्या पलटणीला 1881 साली मिळालं, मद्रासची 102 आणि मुंबईची 103 या दोन पलटणी एकत्र केल्या तेव्हा. तुमचे पूर्वज त्याआधी बारा वर्षं नाव कमी करून मोकळे झाले होते. ते होते तेव्हा ही 'रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स' होती, आणि त्याहीआधी ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईची गोरी पलटण. तिची मुळं 1660च्या दशकातल्या मुंबईत सापडतात. आयर्लंडच्या कुठल्याही कोपऱ्यातला तरुण तिच्यात असू शकत होता. तेव्हा पलटणीवरून काउंटी ठरवता येत नाही.

दुसरं, नकाशावर 'किलब्रिडी' सापडत नाही म्हणून ते गाव उरलं नाही किंवा कागद चुकला, असं तुम्हाला वाटतंय. भरतीच्या वेळी शिपाई तोंडानं ठिकाण सांगायचा आणि कारकून कानाला लागलं तसं लिहायचा. सांगणाऱ्याला कित्येकदा लिहिता येत नसे, लिहिणाऱ्यानं आयर्लंड पाहिलेलं नसे. शिवाय आज नकाशावर दिसणारी इंग्रजी स्पेलिंगंसुद्धा फार जुनी नाहीत. 1824 साली आयर्लंडची मोजणी सुरू झाली. जॉन ओ'डोनोव्हन यांच्यासारखे जाणकार काउंटीमागून काउंटी फिरले, लोक नाव कसं उच्चारतात ते ऐकलं, जुनी दफ्तरं पडताळली, आणि एकेका नावाच्या अनेक रूपांतून एक रूप नकाशासाठी नक्की केलं. ते रूप प्रत्येक कारकुनाच्या हाताखाली असेलच असं नाही. तेव्हा स्पेलिंग जुळेल ही अपेक्षा सोडा. जुळायला हवा तो उच्चार, आणि त्याच्या आजूबाजूचा परिसर.

आता तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही 'गाव' शोधताय. आयरिश कागदपत्रांत माणसाचा पत्ता गावानं लागत नाही, तो 'टाउनलँड'नं लागतो. नावात टाउन असलं तरी शहराशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडच्या नावाच्या शिवारासारखं समजा: ठरलेली हद्द, स्वतःचं नाव, आत चार-दोन घरं किंवा एकही नाही. आयर्लंडात अशी साठ हजारांवर टाउनलँडं आहेत, आणि एकेकाचा आकार सरासरी सव्वातीनशे-साडेतीनशे एकर. काही टाउनलँडं मिळून नागरी पॅरिश, अनेक पॅरिश मिळून बॅरनी, आणि वर काउंटी. कागदावरचं 'पॅरिश' म्हणजे यातली मधली पायरी. म्हणजे ते नाव बरोबर सापडलं, तरी तुम्ही घरापर्यंत पोचलेला नसाल. तुम्ही बऱ्याच शिवारांच्या एका टापूपर्यंत पोचलेला असाल. तेही थोडं नाही.

हे डोक्यात पक्कं ठेवून कागद पुन्हा हातात घ्या. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, दोन्ही बाजूंचे मोबाइलवर मोठे फोटो काढा. काउंटीचं पहिलं अक्षर नीट पाहा. त्या काळच्या वळणदार अक्षरात मोठा 'एल' आणि मोठा 'एस' फसवतात. तुमच्याकडं पडताळा घ्यायला 'लेबरर' हा शब्द त्याच कागदावर, बहुधा त्याच हातचा आहे. दोन्ही अक्षरं शेजारी ठेवा, वळण सारखं आहे का बघा. 'एस' निघाला तर स्लायगो काउंटी विचारात घ्यावी लागेल. 'एल' असेल तर लिमरिक, लीट्रिम, लाँगफर्ड, लाउथ आणि लंडनडेरी एवढ्या पाचच काउंट्या उरतात. आज नकाशावर लीश नावाचीही काउंटी 'एल'नं सुरू होते, पण 1869 मध्ये तिचं नाव क्वीन्स काउंटी होतं, म्हणून ती बाद. आणि मीथ 'एम'नं सुरू होतं. 'एम'ला 'एल' समजण्याइतका कागद पुसट असेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. दादांच्या किलब्राइडला सगळ्यात मोठी अडचण इथंच आहे.

आता संकेतस्थळांकडं वळू. पहिलं उघडा ते 'लॉगनम' (इंग्रजी अक्षरं एल, ओ, जी, ए, आय, एन, एम, आणि शेवटी डॉट आयई). आयर्लंडचा हा अधिकृत स्थळनामकोश आहे, 2008 पासून सगळ्यांना फुकट खुलं. इथं नावाचं आयरिश रूप, इंग्रजी रूप, ते कुठल्या पॅरिशात, बॅरनीत, काउंटीत येतं, आणि नकाशा मिळतो. अनेक नावांचा उच्चार ऐकायला मिळतो. त्याहून मोलाचं म्हणजे, कित्येक नावांखाली जुन्या दफ्तरांतली वेगवेगळी स्पेलिंगं वर्षांसकट दिलेली असतात आणि संशोधकांच्या मूळ नोंदपत्रांच्या प्रती दिसतात. तुमच्या कारकुनानं लिहिलेलं रूप, किंवा त्याच्या जवळपासचं एखादं, त्या यादीत भेटू शकतं.

तिथं पूर्ण 'किलब्रिडी' टंकू नका. आधीचं 'किलब्र' एवढंच ठेवून एकेक काउंटी निवडत जा. बरीचशी किलब्राइडं आणि किलब्रीडी मुळात एकच आहेत, संत ब्रिजिडचं देऊळ, आयरिशमध्ये 'किल व्रीज'च्या आसपास उच्चारलं जाणारं. ब्रिजिड तिथली एवढी लाडकी संत, की देशभर तिच्या नावाची ठिकाणं पसरलीत. मीथ, विक्लो, रॉसकॉमन, मेयो, अँट्रिम, सगळीकडं किलब्राइड आहे. म्हणून पहिलं दिसलेलं किलब्राइड घेणं धोक्याचं. मात्र शेवटी 'डी-वाय' हे रूप लक्षात घेण्याजोगं आहे. लिमरिक काउंटीत किलब्रीडी मेजर आणि किलब्रीडी मायनर असे दोन नागरी पॅरिश आहेत, आणि त्या भागातलं जुनं शहर किलमॅलॉक. त्याचा शेवट 'सी-के'!

हे वाचून तुम्ही उठून दादांना फोन लावाल, म्हणून लगेच सांगते: थांबा. 'सी-के'नं तर लिमरिक शहरही संपतं, आणि लीट्रिममधलं कॅरिकही. फाटलेल्या जागेत किती अक्षरं मावतील ते आधी मोजा. खालच्या ओळीतल्या अक्षरांची रुंदी घेतली की अंदाज येतो. कॅरिक आखूड, किलमॅलॉक लांब. लीट्रिम, लाँगफर्ड आणि लाउथमध्येही त्या उच्चाराची टाउनलँडं आहेत का, ते लॉगनमवर बघून टिपून ठेवा. आज लिमरिकचं पारडं जड आहे, एवढंच मी म्हणेन.

टाउनलँडांची हद्द, क्षेत्रफळ आणि शेजार बघायला 'टाउनलँड्स डॉट आयई' सोयीचं आहे. एका नागरी पॅरिशाचं पान उघडलं की त्यातल्या सगळ्या टाउनलँडांची यादी एका जागी मिळते. ती वहीत उतरवून घ्या. पुढं जुन्या नोंदींत एखादं विचित्र नाव दिसलं, की या यादीशी ताडून बघायचं. 1851 च्या जनगणनेवरून तयार झालेली आणि 1861 मध्ये छापलेली टाउनलँडांची मोठी अनुक्रमणिकाही ऑनलाइन वाचता येते. कुळ-इतिहासाची मंडळी जुन्या स्पेलिंगसाठी अजून तिचाच आधार घेतात.

ठिकाणाचं नाव एकट्यानं काही सिद्ध करत नाही. त्याला आडनावाची जोड लागते. तुमच्या पूर्वजांचं आडनाव मी इथं छापत नाही, पण लिमरिक ज्यात येतं त्या मन्स्टर प्रांतात ते आपल्याकडच्या जाधवांइतकं सर्रास आढळतं, त्यामुळं जपून. 'आस्क अबाउट आयर्लंड' या स्थळावर ग्रिफिथचं मूल्यांकन फुकट बघायला मिळतं. 1847 ते 1864 या काळात सगळ्या देशातली घरंदारं-जमीन कुणाच्या कब्जात आणि मालक कोण, याची ही नोंद, सोबत नकाशे. हिची किंमत फार मोठी आहे, कारण 1922 च्या यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळून गेला आणि 1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. तुमचे पूर्वज 1838 च्या आसपास जन्मले असं धरलं, तर त्यांच्या वडिलांचं नाव ग्रिफिथमध्ये असायला हवं, ते तेव्हा हयात असले आणि त्यांच्या नावावर एखादी झोपडी जरी असली तर. किलब्रीडीच्या दोन्ही पॅरिशांत ते आडनाव किती जणांचं आहे बघा. एकही नसेल, तर तीही मोठी माहिती आहे.

मग चर्चच्या वह्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं कॅथलिक पॅरिशांच्या 1880 पर्यंतच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्यांची छायाचित्रं 2015 पासून फुकट खुली केली आहेत. इथं बरेच जण अडकतात: कॅथलिक पॅरिश आणि नागरी पॅरिश या दोन वेगळ्या चौकटी. हद्दी जुळत नाहीत, कित्येकदा नावंही जुळत नाहीत. तेव्हा नागरी पॅरिशाचं नाव तिथं न मिळाल्यास नकाशावरून शोधा. ग्रंथालयाच्या त्याच पानावर काउंटीचा नकाशा आहे, त्यावर बोट ठेवून त्या टापूवरचा कॅथलिक पॅरिश उघडता येतो. वंशावळींचे अभ्यासक जॉन ग्रेनम यांच्या स्थळावरही कुठला नागरी पॅरिश कुठल्या कॅथलिक पॅरिशात येतो ते दिलेलं आहे. वह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात, जॉनचा योहानेस, जेम्सचा याकोबुस होतो. अक्षर वाईट, पानं डागाळलेली. पण नावापुढं टाउनलँड लिहिलेलं असण्याची शक्यता चांगली असते, आणि तुम्हाला हवं आहे ते तेच.

टाउनलँड हाती लागलं, तर जुने नकाशे नक्की बघा. 1840 च्या आसपासचा सहा इंचीचा (मैलाला सहा इंच) नकाशा आणि शतकाच्या शेवटाकडचा पंचवीस इंचीचा, दोन्ही ऑनलाइन आहेत. एकाच टाउनलँडात पहिल्या नकाशावर घरांचे बारीक चौकोन दाटीवाटीनं दिसतात आणि दुसऱ्यावर तिथं मोकळं रान. मधे 1845 ते 1852 चा दुष्काळ आहे. सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. तुमचे पूर्वज तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. आईंना हे आधीच सांगून ठेवा. तिथं गेल्यावर घर दिसणार नाही, बहुधा पायाही दिसणार नाही. तरीही तो बांध, तो रस्ता, ते पडकं देऊळ जागेवर असतं.

ज्यांचे आयरिश पूर्वज अल्स्टरचे, म्हणजे उत्तरेकडच्या प्रांतातले आहेत, त्यांनी बेल्फास्टच्या क्वीन्स विद्यापीठाचा उत्तर आयर्लंड स्थळनाम प्रकल्प आणि बेल्फास्टचं सरकारी अभिलेखागार, दोन्ही बघावीत. आणि लग्न होऊन डब्लिन-कॉर्ककडं गेलेल्या आपल्या मुली सासरची वंशावळ जमवायला बसतात, त्यांनी 1901 आणि 1911 च्या जनगणनांपासून सुरुवात करावी. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्थळावर त्या घरानिशी, फुकट वाचता येतात. तिथून टाउनलँड मिळतं आणि मागं जायची वाट उघडते. एक खूण ध्यानात ठेवा: कोव्ह बंदर 1849 ते 1920 क्वीन्सटाउन होतं आणि डन लिअरी 1821 ते 1920 किंग्सटाउन. जुन्या पत्रातलं गाव आजच्या नकाशावर नसेल, तर नाव बदललंय का ते आधी बघावं.

आता दादा. मला त्यांच्याबद्दल राग नाही, आणि तुम्हीही धरू नका. पंचाहत्तरीच्या आईला घेऊन प्रवासाचा घाट घालणं सोपं नव्हे, आणि ठरलेल्या बेतात खोट काढली की करणारा दुखावतो. "तुझं गाव चुकलंय" असं सांगाल तर ते गावाची बाजू लढवतील. त्यांना कागदच दाखवा. मी असं लिहिलं असतं: "दादा, काउंटीच्या अक्षराचा मोठा फोटो पाठवतेय, शेजारी 'लेबरर'मधला एल ठेवलाय. तुला मीथ दिसतं का सांग. मला लिमरिक वाटतंय, पण खात्री नाही. एक काम फक्त तूच करू शकशील."

ते काम खरोखरच त्यांचंच आहे, कारण ते लंडनला आहेत. नोकरी 1858 पूर्वी लागली असेल, तर भरती कंपनीची. कंपनीच्या गोऱ्या रंगरुटांची छावणी एसेक्समधल्या वॉर्लीला होती, आणि कंपनीचं सगळं लष्करी दफ्तर आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहे. रंगरुटांच्या नोंदीत जन्मस्थळ पुन्हा एकदा, दुसऱ्या कारकुनाच्या हातानं लिहिलेलं मिळू शकतं. दोन कारकुनांची दोन स्पेलिंगं शेजारी आली, की खरं नाव पुष्कळदा आपोआप कळतं. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या प्रतीही तिथं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पैसे भरून ऑनलाइन बघता येतात. तुमच्या पूर्वजांचं लग्न इथलं, आणि लग्नाच्या नोंदीत सहसा नवऱ्याच्या वडिलांचं नाव असतं. ते मिळालं तर ग्रिफिथमधल्या एकाच आडनावाच्या घोळक्यातून माणूस वेगळा काढता येईल. पेन्शन न घेता सुटलेल्या त्या काळच्या शिपायांचे पलटणीतून सुटल्याचे कागद सरकारी दफ्तरात सहसा टिकलेले नाहीत. तेव्हा ट्रंकेतला तो कागद घडी न घालता, सपाट ठेवा. चिकटपट्टी अजिबात लावू नका.

जूनपर्यंत टाउनलँड लागेलच असं मी सांगणार नाही. पण काउंटी आणि पॅरिश लागायला तेवढा वेळ पुरावा. लिमरिक निघालं, तर डब्लिनहून गाडीनं दोन-अडीच तासांत लिमरिक शहर येतं, मुक्कामाचे दोन दिवस तिकडं वळवणं अवघड नाही. तोवर मीथच्या फादरांना तारीख पक्की करू नये. दोन ठिकाणांतलं एकही ठरलं नाही, तर मिस्सा डब्लिनमध्ये करा आणि आईंना सांगा की काउंटी अजून नक्की झालेली नाही. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला एवढं खरं पेलतं.

खरं तर आईंना या शोधात आजच घ्या. त्या बेतात आहेत, पण शोधात त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही. आयरिश घरांत त्या काळी थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची रीत पुष्कळ ठिकाणी होती. इगतपुरीच्या त्या घरात थोरला मुलगा कोण होता, त्याला काय हाक मारायचे, हे आईंनी त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं असू शकतं. ते नाव मिळालं, की ग्रिफिथमध्ये किलब्रीडीच्या पॅरिशांत त्याच नावाचा कब्जेदार आहे का, ते सगळ्यात आधी बघा.